फितीवरची पट्टी

लंडनमध्ये पिकॅडिलीच्या रहदारीला लागून, ग्रीन पार्कच्या टोकाशी पांढऱ्या दगडाचे एक स्मारक आहे. खांबांच्या मधोमध ब्राँझचे सात तरुण उभे आहेत. प्रत्येक पुतळा नऊ फूट उंच. अंगावर उड्डाणाचे जाडजूड कपडे आणि चेहऱ्यावर रात्रभराचा शीण. ते नुकतेच मोहिमेवरून परतले आहेत. काहींची नजर आकाशाकडे आहे, कारण सगळी विमाने अजून उतरलेली नाहीत. त्यांच्या डोक्यावरचे छत मध्ये उघडे ठेवले आहे आणि आतून ते ॲल्युमिनियमचे आहे.

हे ॲल्युमिनियम एका विमानाचे आहे. मे १९४४ मध्ये कॅनडाच्या ४२६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक हॅलिफॅक्स बॉम्बर बेल्जियमवर पाडले गेले आणि दलदलीत रुतले. आत आठ जण होते. पाच जणांचे मृतदेह तेव्हाच मिळाले, तिघे विमानासह चिखलात राहिले. १९९७ मध्ये विमान उकरून काढले तेव्हा ते तिघे सापडले आणि त्यांना लष्करी इतमामाने मूठमाती मिळाली. त्या विमानाचा धातू वितळवून जपून ठेवला होता. तोच पुढे या छतासाठी वापरला गेला.

स्मारकाचे अनावरण २८ जून २०१२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते झाले. दुसरे महायुद्ध युरोपात संपून तोवर ६७ वर्षे उलटली होती. विशीत बॉम्बर विमाने उडवणारी मुले समारंभाला आली तेव्हा नव्वदीच्या आसपास होती, कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणी नातवाचा हात धरून. त्यांच्या डोक्यावरून एक जुने लँकेस्टर विमान गेले आणि त्यातून लाल पॉपीच्या फुलांचा वर्षाव झाला. त्या दिवसापर्यंत ब्रिटनच्या राजधानीत बॉम्बर कमांडच्या सगळ्या विमानकर्मींचे असे एकही स्मारक नव्हते. त्यांच्या नावाचे वेगळे मोहीम पदक तर तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

बॉम्बर कमांड हा ब्रिटिश हवाई दलाचा १९३६ मध्ये उभा राहिलेला विभाग. शत्रूच्या प्रदेशात शिरून बॉम्ब टाकणे हे त्याचे काम. महायुद्धाच्या काळात सुमारे १ लाख २५ हजार विमानकर्मी त्यात उडाले. त्यांपैकी ५५,५७३ मारले गेले, ८,४०३ जखमी झाले आणि ९,८३८ युद्धकैदी झाले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस जिवानिशी गेले. पाच हजारांहून अधिक तर शत्रूचे तोंडही न पाहता प्रशिक्षणाच्या अपघातांतच संपले. उडणारा प्रत्येक जण स्वेच्छेने आला होता. विमानात बसण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

एका लँकेस्टरमध्ये सात जण असत. पायलट, त्याच्याशेजारी फ्लाइट इंजिनिअर, पडद्याआड दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नकाशावर रेघा ओढणारा नॅव्हिगेटर, रेडिओ सांभाळणारा वायरलेस ऑपरेटर, नाकाशी पालथा पडून बॉम्ब सोडणारा बॉम्ब एमर, पाठीवरच्या घुमटात एक गनर आणि शेपटीत दुसरा. शेपटीतल्या गनरची जागा सर्वांत वाईट. उणे चाळीस अंशांपर्यंत उतरणारी थंडी, पाय पसरायला जागा नाही आणि सहा-आठ तास एकट्याने अंधारात टक लावून बसायचे. त्या डबीएवढ्या जागेत पॅराशूटही मावत नसे. ते मागच्या बाजूला टांगलेले असे. विमानाला आग लागली की आधी घुमट वळवायचा, दार उघडायचे, हात मागे घालून पॅराशूट ओढायचे, अडकवायचे आणि मग उडी घ्यायची.

एका पाळीत तीस मोहिमा. तीस झाल्या की सुटी आणि त्यानंतर बहुधा प्रशिक्षकाचे काम. हिशेब साधा होता आणि विमानतळावरचा प्रत्येक पोरगा तो मनातल्या मनात करत असे. वाईट दिवसांत एका मोहिमेवर गेलेल्या शंभर विमानांपैकी पाच परतत नसत. पाच हा आकडा लहान वाटतो. पण तीस वेळा लागोपाठ त्या पंचाण्णवात असायचे म्हटले, तर शंभरातले एकवीसच शिल्लक राहतात. ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने गेली आणि ९५ परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भोजनगृहातल्या रिकाम्या खुर्च्या आणि निवासातल्या मोकळ्या खाटा पाहून मागे राहिलेल्यांनी काय ते समजून घेतले. खाटांवर संध्याकाळपर्यंत नवी मुले आली.

पुढे विख्यात झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन १९४३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करायला रुजू झाले. अनुभवी चालकदले नवख्यांपेक्षा जास्त वाचतात, असे सगळे मानत होते आणि मुलांना तसे सांगितलेही जात होते. डायसन यांच्या आकड्यांत तसे काही दिसेना. शिकून-सवरूनही माणसे तेवढीच मरत होती. कारण नंतर कळले. जर्मन रात्रलढाऊ विमानांनी वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसवल्या होत्या. ती विमाने बॉम्बरच्या पोटाखाली येत आणि तिथून मारा करत. ब्रिटिश गनरला खाली पाहायला खिडकीच नव्हती. डायसन यांनी आणखी एक गोष्ट मोजली. पाडलेल्या हॅलिफॅक्समधून साधारण पाव माणसे जिवंत बाहेर पडत, लँकेस्टरमधून पंधरा टक्केच. लँकेस्टरची बाहेर पडायची झडप अरुंद होती. ती रुंद करण्यासाठी खटपट झाली, पण युद्ध जवळजवळ संपेपर्यंत काही हलले नाही.

हे तपशील सांगायलाच हवेत, कारण त्यांच्याशिवाय पदकाचा वाद क्षुल्लक वाटतो. एवढ्या वर्षांनी म्हाताऱ्या माणसांना कापडाच्या फितीवर धातूचा एक तुकडा कशाला हवा, असा प्रश्न ब्रिटनमध्येही विचारला गेला. ज्याने सातातले सहा मित्र गमावले, त्याच्यासाठी तो तुकडा त्या सहांचा असतो.

युद्ध संपताना ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी 'स्टार' नावाची पदके ठरवली. बॉम्बर कमांडच्या माणसांना त्यांतली काही मिळाली. रणभूमीवर सेवा केलेल्या सर्वांसाठी '१९३९-४५ स्टार' होता. ब्रिटनमधून युरोपवर उडणाऱ्यांसाठी 'एअर क्रू युरोप स्टार' होता, पण त्याची मुदत ५ जून १९४४ला संपली. दुसऱ्या दिवशी दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्या आणि तेव्हापासून 'फ्रान्स अँड जर्मनी स्टार' लागू झाला. तो फ्रान्समध्ये गेलेल्या ट्रकचालकालाही मिळे आणि बर्लिनवर उडालेल्या गनरलाही. सरकारचे म्हणणे असे की यांना पदके मिळालेलीच आहेत, एकाच सेवेसाठी दोनदा पदक देता येत नाही. त्यातच आणखी एक नियम होता. घटना घडून पाच वर्षे झाली की तिच्यासाठी नवे पदक काढायचे नाही.

नियम सर्वांना सारखा असता तर कदाचित कुणी तक्रार केली नसती. पण १९४०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या लढाऊ विमानांच्या सुमारे तीन हजार जणांना '१९३९-४५ स्टार'च्या फितीवर लावायला खास पट्टी मिळाली होती. तिच्यावर 'बॅटल ऑफ ब्रिटन' असे कोरलेले असे. त्यांनी ती कमावलीच होती. प्रश्न एवढाच होता की त्यांना वेगळी ओळख मिळते आणि पन्नास हजारांहून अधिक जीव गमावलेल्या विभागाला मिळत नाही, याचे कारण काय?

कारण जमिनीवर होते, जर्मनीच्या जळलेल्या शहरांत.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश बॉम्बर ठरावीक कारखान्यांवर नेमके बॉम्ब टाकतील असे ठरले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये हवाई छायाचित्रे तपासली गेली. लक्ष्यावर पोचल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातले एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचले होते. अंधारात, ढगांत, तोफांच्या माऱ्यात त्याहून अचूक काम त्या वेळच्या उपकरणांना जमत नव्हते. मग लक्ष्यच मोठे केले गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये मंत्रिमंडळाच्या संमतीने नवे आदेश निघाले आणि औद्योगिक शहरे व तिथल्या कामगार वस्त्या हेच लक्ष्य ठरले. त्याच महिन्यात आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे प्रमुख झाले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गमध्ये आगीचे वादळ उठले आणि तीस हजारांहून अधिक नागरिक मेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळाले. तिथल्या मृतांचा आकडा जर्मन इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये २५ हजारांपर्यंत धरला आहे. सगळ्या युद्धात हवाई हल्ल्यांनी मारलेल्या जर्मन नागरिकांचे अंदाज साडेतीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत जातात. त्यांत म्हाताऱ्याकोताऱ्या बायका होत्या, लहान मुले होती, तळघरात गुदमरून मेलेली कुटुंबे होती. त्याआधी जर्मन विमानांनी रॉटरडॅम, कॉव्हेंट्री, लंडन जाळले होते आणि एकट्या ब्रिटनमध्ये चाळीस हजारांहून अधिक माणसे मारली होती. हा इतिहास ध्यानात ठेवला तरी हॅम्बर्गच्या तळघरातले दुःख तसूभरही कमी होत नाही.

सप्टेंबर १९४० मध्ये चर्चिल यांनीच मंत्रिमंडळाला लिहिले होते की विजयाचे साधन फक्त बॉम्बर विमानांकडे आहे. मार्च १९४५ च्या अखेरीस, विजय हाताशी आल्यावर, त्यांनीच सेनाप्रमुखांना टिपण पाठवून शहरांवरच्या माऱ्याबद्दल अस्वस्थता व्यक्त केली. त्या टिपणाला विरोध झाला आणि ते मवाळ करून पुन्हा लिहिले गेले, पण दिशा स्पष्ट झाली होती. १३ मे १९४५च्या विजयाच्या भाषणात चर्चिल यांनी लढाऊ विमानांच्या वैमानिकांचा गौरव केला, मात्र जर्मनीवरच्या बॉम्बर मोहिमेचा उल्लेख टाळला. बॉम्बर कमांडला आभाराचा वेगळा संदेश गेला खरा, पण देशाने रेडिओला कान लावून ऐकले ते भाषण. हॅरिस यांनी आपल्या माणसांसाठी वेगळे मोहीम पदक मागितले. ते नाकारले गेले.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायला हवी. शहरे जाळण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, हवाई मंत्रालयाने आखला आणि सेनापतीने राबवला. शेपटीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या गनरला त्यात मत नव्हते. निर्णयाची लाज वाटू लागली तेव्हा ती निर्णय घेणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांना पदव्या मिळाल्या, त्यांची चरित्रे निघाली. मौन पाळले गेले ते या मुलांबद्दल. युद्धानंतर कित्येकांनी आपण कुठे होतो हे घरीसुद्धा सांगितले नाही.

या मुलांपैकी कुणाचे मन मोडले तर काय होत असे, तेही याच हिशेबात धरायला हवे. मोहिमांमागून मोहिमा करून एखादा जण म्हणाला की आता माझ्याने होत नाही, तर त्याच्या कागदांवर 'नैतिक बळाचा अभाव' असा शेरा पडू शकत असे. छातीवरची उड्डाणाची खूण काढून घेतली जाई आणि त्याला तळावरून झटपट हलवले जाई, म्हणजे बाकीच्यांना ती लागण होऊ नये. यातले कितीतरी जण आज ज्याला मानसिक आघात म्हणतात त्याने खचले होते. मान देण्याचा अधिकार ज्या सरकारकडे होता, त्याच सरकारने हा डागही दिला.

सरकारी ओळख मिळेना तेव्हा माणसांनी आपली आपण शोधली. पॅराशूटमुळे जीव वाचलेल्यांना पॅराशूट बनवणारी आयर्विन ही कंपनी सोन्याची छोटी पिन देई. तिचा आकार रेशमाच्या किड्याचा, कारण पॅराशूट रेशमाचे. समुद्रात पडून रबरी होडीमुळे वाचलेल्यांसाठी 'गोल्डफिश क्लब' होता, त्याची कापडी खूण असे. गणवेशावर या खुणा लावायला हवाई दलाची परवानगी नव्हती. मुले त्या कॉलरच्या किंवा खिशाच्या आतल्या बाजूला लावत.

शौर्यपदके मिळाली नाहीत असे नव्हे. पण शौर्य नोंदले जायला ते पाहणारा जिवंत राहावा लागतो. अँड्र्यू मायनार्स्की हा कॅनडातल्या विनिपेगचा तरुण, लँकेस्टरच्या पाठीवरचा गनर. १२ जून १९४४च्या रात्री फ्रान्समधल्या कांब्रेवर त्यांच्या विमानाला आग लागली आणि पायलटने उड्या टाकायचा हुकूम दिला. मायनार्स्की दाराशी आला तेव्हा त्याला दिसले की शेपटीतला पॅट ब्रॉफी घुमटात अडकला आहे. तो आगीतून रांगत त्याच्याकडे गेला. कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हातांनी घुमट हलवायचा प्रयत्न केला. कपडे पेटले. ब्रॉफीने त्याला हातवारे करून परत जायला सांगितले. मायनार्स्की मागे सरकत दाराशी गेला, जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, मित्राला सॅल्यूट केला आणि उडी टाकली. भाजल्यामुळे तो वाचला नाही. ब्रॉफी विमानासकट जमिनीवर आदळला, पण आदळताना घुमट फुटून बाहेर फेकला गेला आणि जवळजवळ काही न होता वाचला. युद्ध संपल्यावर त्याने ही हकिगत सांगितली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रॉफी मेला असता तर मायनार्स्की 'मोहिमेत ठार' एवढ्या दोन शब्दांत संपला असता. अशी किती माणसे त्या दोन शब्दांत संपली असतील, याची मोजदाद कधीच होणार नाही. म्हणूनच ज्याने काही वेगळे केल्याची नोंद नाही, पण जो उडाला, त्या प्रत्येकासाठीचे सामायिक पदक महत्त्वाचे ठरते.

वर्षानुवर्षे पदक मागणारी पत्रे जात राहिली आणि नियमांचे दाखले देणारी उत्तरे येत राहिली. अखेर २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने लष्करी पदकांच्या नियमांचा फेरविचार करण्याचे काम सर जॉन होम्स या निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्याकडे दिले. त्यांच्या शिफारशींवरून डिसेंबर २०१२ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत दोन गोष्टी जाहीर केल्या. रशियाला रसद पोचवणाऱ्या आर्क्टिक समुद्रातल्या ताफ्यांवर काम केलेल्यांना 'आर्क्टिक स्टार' हे नवे पदक आणि बॉम्बर कमांडच्या विमानकर्मींना एक पट्टी. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी तपशील आले. ज्याने '१९३९-४५ स्टार' मिळवला आणि बॉम्बर कमांडच्या लढाऊ तुकडीतून निदान एक मोहीम केली, तो पात्र. तो हयात नसेल तर जवळचा नातेवाईक अर्ज करू शकेल. मार्च महिन्यात पंतप्रधानांनी पहिल्या काही पट्ट्या आपल्या हातांनी दिल्या.

ही पट्टी म्हणजे बोटाएवढा ब्राँझचा तुकडा, त्यावर 'बॉम्बर कमांड' ही दोन शब्दांची ओळख कोरलेली. तो जुन्या पदकाच्या फितीवर शिवायचा. नुसती फीत लावायची असेल तेव्हा तिच्यावर चांदीचे इवलेसे फूल.

अनेकांनी ती डोळे पुसत स्वीकारली. अनेक जण दुखावले. आर्क्टिकवाल्यांना अख्खे पदक आणि आम्हाला पट्टी का, असे त्यांनी उघडपणे विचारले. काहींनी अर्जच केला नाही. दोघांचेही बरोबर होते. ज्या पट्टीवर सत्तर वर्षांपूर्वी लढाऊ वैमानिकांचा हक्क मानला गेला, तशीच अखेर यांना मिळाली, म्हणजे बरोबरी झाली. पण पट्टी मिळेपर्यंत १ लाख २५ हजारांतले मोजकेच उरले होते.

आणखी एक उणीव राहिली. पट्टी फक्त उडणाऱ्यांसाठी होती. बर्फात उघड्यावर उभे राहून इंजिने दुरुस्त करणारे मेकॅनिक, बॉम्ब चढवणारे, पॅराशूटची घडी घालणाऱ्या आणि पहाटे परतलेल्या मुलांच्या हकिगती लिहून घेणाऱ्या महिला या सगळ्यांना ती मिळाली नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे 'डिफेन्स मेडल' तेवढे होते, जे देशात राहून सेवा करणाऱ्या इतर लाखोंनाही मिळाले होते. १९४५ मध्ये हॅरिस यांचा सगळ्यांत मोठा राग याच गोष्टीवर होता.

ग्रीन पार्कचे स्मारक सरकारने बांधले नाही. लोकांच्या देणग्यांतून ते उभे राहिले. वृत्तपत्रांनी निधी गोळा केला, काही श्रीमंतांनी मोठ्या रकमा दिल्या. 'बी जीज'चे गायक रॉबिन गिब यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खपून अनावरणाच्या महिनाभर आधी, मे २०१२ मध्ये, प्राण सोडला. ड्रेस्डेनमधून या स्मारकाबद्दल नाराजी व्यक्त झाली. बांधणाऱ्यांनी ती ऐकली. १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बहल्ल्यांत मरण पावलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही हे स्मरण आहे, अशी ओळ तिथे कोरली गेली. मेलेल्या वैमानिकाचे आणि त्याच्या बॉम्बने मेलेल्या माणसाचे स्मरण एकाच छताखाली करता येते, हे त्या दगडावर लिहिले गेले याला फार मोल आहे.

पुढे देखभालीचा प्रश्न आला. न्यूझीलंडचे लेस मन्रो हे १९४३ मध्ये जर्मनीची धरणे फोडणाऱ्या प्रसिद्ध मोहिमेतले पायलट. त्या रात्री १९ लँकेस्टर गेली, ८ परतली नाहीत आणि ५३ जण मारले गेले. मन्रो यांच्या विमानाला वाटेतच फटका बसल्याने त्यांना माघारी फिरावे लागले होते. २०१५ मध्ये, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी स्मारकाच्या देखभालीसाठी आपली सगळी पदके लिलावात काढायचे ठरवले. बातमी पसरली आणि ब्रिटनचे लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी स्मारकासाठी ७५ हजार पौंड दिले. लिलाव रद्द झाला आणि पदके ऑकलंडच्या संग्रहालयात गेली. मन्रो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

बॉम्बर कमांड म्हणजे फक्त ब्रिटिश नव्हते. कॅनडाचे सुमारे दहा हजार जण त्यात मेले, ऑस्ट्रेलियाचे ३,४८६. कॅनडाने २०१३ मध्येच आपल्या स्वयंसेवक पदकासाठी स्वतःची वेगळी पट्टी काढली. त्रिनिदादचे अल्रिक क्रॉस मॉस्किटो विमानात नॅव्हिगेटर होते. ऐंशी मोहिमा करून ते पुढे न्यायाधीश झाले. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातून पळून आलेल्यांच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. मायदेशी परतल्यावर कम्युनिस्ट राजवटीत चेक वैमानिकांपैकी अनेकांना मान मिळायच्या ऐवजी तुरुंग मिळाला.

आणि भारतीयही होते. १९४० मध्ये भारतातून २४ वैमानिकांची तुकडी ब्रिटनला गेली. त्यांतले बरेच लढाऊ विमानांवर गेले, काही बॉम्बरवर. मराठी वाचकाला चटकन आपले वाटेल असे एक नाव या इतिहासात आहे, शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. ते नॅव्हिगेटर होते. त्यांनी चाळीसहून अधिक मोहिमा केल्या आणि त्यांतल्या काही 'पाथफाइंडर' दलातून, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन रंगीत ज्योती टाकून मागच्यांना लक्ष्य दाखवणाऱ्या तुकडीतून. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. लक्ष्यावर सर्वांत आधी पोचायचे असल्याने त्या दलात निवडक नॅव्हिगेटरच घेत. पण सुखठणकर हे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले आहे? स्वातंत्र्यानंतर आपल्याला साहेबाच्या युद्धाची आठवण नकोशी होती आणि साहेबाला आपल्या युद्धातल्या भारतीयांची. या दोन्हींच्या मध्ये अशी माणसे हरवली. त्याच २४ जणांतले लढाऊ वैमानिक महिंदर सिंग पुज्जी यांनी उतारवयात ब्रिटनमध्ये राहून याविषयी जाहीर खंत व्यक्त केली होती. ते २०१० मध्ये गेले. चार वर्षांनी इंग्लंडमधल्या ग्रेव्ह्जेंड गावात त्यांचा पुतळा बसला.

या सगळ्या विलंबात नेदरलँड्सची आठवण वेगळी आहे. १९४५च्या वसंतात पश्चिम नेदरलँड्समध्ये लोक उपाशी मरत होते, ट्युलिपचे कंद उकडून खात होते. २९ एप्रिलपासून दहा दिवस बॉम्बर कमांडच्या विमानांनी अगदी खालून उडत तिथे साडेसहा हजार टनांहून अधिक अन्न टाकले. बॉम्बच्या जागी पिठाची, चॉकलेटची, अंड्याच्या भुकटीची पोती. लोक छपरांवर चढून चादरी हलवत होते. ज्यांनी तीस रात्री आग टाकली, त्यांना शेवटच्या दिवसांत अन्न टाकायला मिळाले आणि हयातभर बहुतेकांनी नातवंडांना हीच मोहीम सांगितली. डच लोक विसरले नाहीत. आजही तिथे समुद्रात आणि पाणथळ जमिनीत रुतलेली विमाने सरकारी खर्चाने वर काढली जातात. २०२० मध्ये मार्करमेर सरोवरातून मार्च १९४३ मध्ये बुडालेले एक स्टर्लिंग विमान असेच काढले गेले. चिखल चाळून हाडांचे तुकडे, बटणे, वस्तू शोधल्या गेल्या, म्हणजे घरच्यांना काहीतरी सांगता यावे.

लिंकन शहराजवळच्या टेकडीवर २०१८ मध्ये बॉम्बर कमांडचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले. लिंकनशायरच्या या सपाट मुलखातूनच बहुतेक लँकेस्टर उडत आणि अंधारात परतताना तिथल्या कॅथेड्रलचे मनोरे दिसले की मुलांना घर आल्यासारखे वाटे. केंद्राच्या मध्यभागी गंजल्या रंगाच्या पोलादाचा मनोरा आहे. त्याची उंची ३१.०९ मीटर, म्हणजे लँकेस्टरच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. भोवती पोलादाच्या उंच भिंती आहेत आणि त्यांत ५७ हजारांहून अधिक नावे आरपार कापलेली आहेत. पट्टीसाठी अपात्र ठरलेले जमिनीवरचे मेकॅनिक आणि तळांवर मेलेल्या महिला यांचीही नावे त्यांत आहेत. दुपार कलली की नावांतून ऊन पलीकडच्या गवतावर पडते.